चोविसाव्या भागावरची मतं

ताईला शेवट बघवत नाही. ओळखीच्या सगळ्यांना हे माहीत आहे. कादंबरीची चार पानं उरली की ती तिथे खूण घालते आणि पुस्तक कपाटात ठेवून देते. अशी अख्खी एक फळी भरली आहे. सिनेमाला गेली की शेवटच्या दहा मिनिटांत हिला बाहेरची गर्दी आठवते.

"हिच्याबरोबर मी सतरा सिनेमे पाहिले," नवरा दुकानात गिऱ्हाइकांना सांगतो, "एकाही खुनाचा तपास लागलेला नाही."

नवरा किल्ल्या करून देतो. दुकान म्हणजे घराच्याच जिन्याखालची तीन हात रुंद जागा. एक स्टूल, एक घासायचं यंत्र, भिंतभर लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या. ताईचं काम त्याला कधी नीट कळलं नाही. "लोक काय म्हणतात ते ही आधी वाचते आणि म्हणू द्यायचं की नाही ते ठरवते," असं तो सांगतो. "घरातही तेच करते. ऑफिसात निदान सुट्टी तरी असते."

तो फार चुकीचं सांगत नाही. ताई मतं चाळते. कंपनी जुन्या मालिका इंटरनेटवर दाखवते. प्रत्येक भागाखाली बघणारे आपलं मत लिहितात. ते सगळ्यांना दिसायच्या आधी कुणीतरी वाचतं. ते कुणीतरी म्हणजे ताई. त्याआधी एकोणीस वर्षं ती वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायची. ते बंद पडलं तेव्हा ती इथे आली. बाकीचे तिच्या निम्म्या वयाचे. म्हणून ती सगळ्यांची ताई.

पडद्यावर उजवीकडे चार बटणं असतात. सोडा. कोठडी. कचरा. धोका. सोडलं की मत दिसतं. शिवीगाळ कचऱ्यात जाते. कथेचा शेवट फोडणारी मतं कोठडीत जातात, चार दिवस. चार दिवसांनी ती वाचून सोडायची. याला ऑफिसात जामीन म्हणतात. चौथं बटण लाल आहे. कुणी स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाचं काही लिहिलं तर ते दाबायचं. मग ते मत बोळाच्या टोकाच्या खोलीत जातं. तिथे एक गृहस्थ बसतात. ते पूर्वी रुग्णवाहिका चालवायचे. बघणाऱ्यांचे फोन नंबर आणि पत्ते फक्त त्यांच्याकडे असतात. त्यांना सगळे फोनवाले काका म्हणतात. दोन वर्षांत ताईने लाल बटण सात वेळा दाबलं होतं. प्रत्येक वेळी नंतर तिला जेवण गेलं नव्हतं.

नियम एकच. चाळणाऱ्याने बघणाऱ्याशी बोलायचं नाही.

यंदा ताईच्या वाट्याला एक जुनी जपानी अ‍ॅनिमे मालिका आली. 'तांबड्या चंद्राचं टपाल'. चोवीस भाग. दर शुक्रवारी संध्याकाळी पावणेआठला एक. खाणींच्या वसाहती, मधे अफाट मोकळं आकाश, आणि एका खटारा यानातून पत्रं पोचवणारा एक माणूस. कमरेला पिस्तूल, डोक्यावर रुंद काठाची टोपी. बघणारे त्याला टोपीवालाच म्हणत. उतरल्यावर तो यंत्राच्या घोड्यावरून फिरायचा.

मतांना तोटा नव्हता. अंतराळात धूळ उडते कशी, यावर तीन आठवडे हाणामारी चालली. एकाला जुने आवाज हवे होते, दुसऱ्याला नवे. "घोडा यंत्राचा आहे तरी दमतो, म्हणून मी ही मालिका बघते," असं एकीने लिहिलं. "मग माझ्या नवऱ्याला बघा," असं दुसरीने खाली टाकलं. एकाचा आक्षेप यानाच्या दाराला होता. इतकं पुढारलेलं जग आणि दाराला किल्ली? ताईने हे घरी सांगितलं. नवरा खूश झाला. "किल्लीला मरण नाही," तो म्हणाला. त्या दिवसापासून तोही मालिका बघायला लागला.

आणि एक होता रिकामं काडतूस. हे त्याचं घेतलेलं नाव. तो प्रत्येक भागावर लिहायचा. भाग संपला की बरोबर आठ वाजून दहा मिनिटांनी त्याचं मत यायचं. न चुकता, शुद्ध, विरामचिन्हांसकट. एकोणीस वर्षं मुद्रितं तपासलेल्या बाईला याहून जास्त काय हवं?

"टोपीवाला आज चौदा माणसांवर गोळ्या झाडतो आणि एकही पाकीट चुरगळू देत नाही. अशी माणसं नोकरीत हवीत." हे चौथ्या भागावर. "पत्तेवाली बाई परत येणार नाही. ती येईल असं म्हणणाऱ्यांनी बायका पाहिलेल्या नाहीत." हे अकराव्यावर, टोपीवाल्याला पत्ते शोधून देणाऱ्या बाईबद्दल. त्याच्या खाली अठ्ठावीस जणी तुटून पडल्या. तो कुणाला उलट बोलला नाही. पुढच्या शुक्रवारी लिहिलं, "आली. मी चुकलो. बरं वाटलं."

शुक्रवारी ताई मुद्दाम नऊपर्यंत थांबायची. त्याचं मत सगळ्यांत आधी उघडायची. पाच मिनिटांच्या आत सोडायची.

चोविसावा भाग आला तेव्हा तिच्यापुढे अडचण उभी राहिली. शेवट तिने पाहिला नव्हता. पाहायचाही नव्हता. पण शेवटावरची मतं वाचायची म्हणजे शेवट कळणारच. शेजारच्या टेबलावरच्या मुलाला सगळे चष्मा म्हणतात. त्याने तिला वेड्यात काढलं.

"ताई, हे म्हणजे स्वयंपाक्याने उपास धरल्यासारखं झालं."

"तू गप रे. सगळी शेवट फोडणारीच असणार ना? मग सगळी कोठडीत. मंगळवारी वाचीन."

"न वाचता?"

"मंगळवारी म्हटलं ना."

तिने कॅलेंडरचा जाड पुठ्ठा घेतला. पडद्यावर मजकुराचा रकाना असतो, त्याच्या मापाचा कापला. चिकटपट्टीने लावला. आता तिला फक्त तीन गोष्टी दिसत होत्या. वेळ, नाव, भागाचा आकडा. आकडा चोवीस असला की कोठडी. टिक, टिक, टिक. चष्म्याने फोटो काढला. सगळे हसले. तीही हसली.

आठ वाजून दहा मिनिटांनी रिकामं काडतूस आलं. नाव दिसलं तशी ती म्हणाली, "थांब रे जरा. तुझं निवांत वाचते." आणि कोठडीचं बटण दाबलं.

शनिवारीही तो पुठ्ठा तसाच होता. रविवारी आणि सोमवारी चष्मा कामावर होता. त्याला तिने सांगून ठेवलं होतं, चोवीसचं काही उघडू नकोस, सरळ आत टाक. काम कमी झालं म्हणून त्यानेही विचारलं नाही.

मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता तिने कोठडी उघडली. चारशे बारा मतं. पुठ्ठा काढला. भाग अजून पाहिला नव्हताच. डोळे बारीक करून, ओझरतं वाचून सोडावं, असं तिने ठरवलं होतं. आधी रिकामं काडतूस. तो शेवटाबद्दल लिहितो तेही आडवळणाने, असा तिचा विश्वास होता.

त्याच्या नावाची तीन मतं होती. तिला नवल वाटलं. तो एका भागावर एकदाच लिहायचा.

पहिलं, शुक्रवार, आठ दहा.

"मालिका संपली. चांगली संपली. मी या चोवीस शुक्रवारांसाठी थांबलो होतो. त्याआधीच निघणार होतो, पण पहिला भाग पाहिला आणि म्हटलं, एवढं पाहून जाऊ. आता थांबायला काही उरलं नाही. टोपीवाला शेवटी जिथे जाऊन बसला, तिथेच जाऊन बसेन. नंतर जे करायचं ते करीन. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. इथे सांगतो, कारण इथे कुणीतरी वाचतं. माझं मत नेहमी पाच मिनिटांत दिसतं. जो कुणी वाचत असेल त्याला, नमस्कार."

ताईने यादी खाली सरकवली.

दुसरं, शनिवार, साडेनऊ. "मत दिसत नाही. काही चुकलं का माझं?"

तिसरं, रविवार, सकाळी सात. "अजून दिसत नाही. ठीक."

त्यानंतर काही नव्हतं.

तिने लाल बटण दाबलं. मग पुन्हा दाबलं. मग उठली. खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. चष्मा काहीतरी विचारत होता. त्याचे ओठ हलताना दिसत होते, शब्द पोचत नव्हते. बोळ तिने भिंतीला हात लावून पार केला.

काकांच्या पडद्यावर मत पोचलं होतं. ते वाचत होते. टेबलावर दोन फोन, एक जाड वही, खोकल्याच्या गोळ्यांचा डबा.

"शुक्रवारचं आहे," काका म्हणाले.

"हो."

"आज मंगळवार."

"काका, मी वाचलं नाही. मी पुठ्ठा लावला होता."

काका तिच्याकडे बघत राहिले. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. ते नुसते "बसा" म्हणाले आणि नंबर फिरवला.

घंटी वाजत होती. खोलीतल्या दोघांनाही ऐकू येत होती. सोळा वेळा वाजली. काकांनी पुन्हा लावला. पुन्हा सोळा. मग त्यांनी त्या भागातल्या पोलीस चौकीला फोन केला. नाव, पत्ता, वय अठ्ठावन्न, एकटा राहतो. सगळं सावकाश, एकेक शब्द सुटा करून. ताईला ओरडावंसं वाटलं, लवकर बोला ना.

वीस मिनिटांनी चौकीतून फोन आला. घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, शनिवारपासून सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडतात, संध्याकाळी येतात. काल संध्याकाळी दिवा लागला नाही.

काल संध्याकाळी तिच्या घरी तिने नवऱ्याशी बेडशीटच्या रंगावरून वाद घातला होता.

"कुठे शोधायचं विचारतायत," काका फोनवर हात ठेवून म्हणाले. "तो लिहितो, टोपीवाला बसला तिथे. कुठे बसतो तो?"

"मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"मी तो भाग पाहिला नाही, काका."

काकांनी डोळे मिटले. उघडले.

"लोकांनी लिहिलंय ना, चारशे जणांनी," ताई म्हणाली. "वाचते. थांबा."

तिने काकांच्या पडद्यावरच कोठडी उघडली. बोटं भराभर फिरत होती. एक म्हणे तो घरी गेला. दुसरा म्हणे ते घर नव्हतंच, ती खाण होती. तिसरी म्हणे तो तिसऱ्याच दृश्यात मेला, पुढचं सगळं त्याला मरताना दिसलं. एकाने तीन परिच्छेद लिहिले होते, सगळे बासरीच्या तुकड्यावर. एकाने नुसतं लिहिलं होतं, रडलो. लोकांची मतं होती. पत्ता नव्हता.

"लावा तो भाग," काका म्हणाले.

बावीस मिनिटांचा भाग. काकांनी एक हात फोनवर ठेवला होता. ताई स्टुलावर बसली होती. तिला मधलं पुढे ढकलायचं धाडस झालं नाही, न जाणो त्यातच काही असेल. गोळ्या चालल्या. यान पडलं. टोपीवाल्याकडे एकच पाकीट उरलं होतं. घोड्यावरून तो यानं उतरायच्या एका तळावर आला. नकाशावरून पुसून टाकलेला तळ. तिकिटाची एक खिडकी, तिची झडप खाली ओढलेली. समोर एक बाकडं. तो बाकड्यावर बसला, खिडकीकडे तोंड करून. टोपी डोळ्यांवर ओढली. वारा. धूळ. दीड मिनिट दृश्य हललं नाही. मग अक्षरं आली.

आयुष्यात पहिल्यांदा ताईने काहीतरी शेवटपर्यंत पाहिलं होतं. तिला फक्त भीती वाटत होती.

"बंद पडलेलं स्टेशन," काका पुटपुटले. "शहरात अशी दहा असतील."

ताईने त्याचं नाव घालून जुनी मतं शोधायला घेतली. तेवीस मतं. मालिकेबद्दलच सगळी. स्वतःबद्दल तो क्वचित लिहायचा. नवव्या भागावर एक ओळ सापडली. "बावीस वर्षं मी फेरीबोटीची तिकिटं फाडली. पूल झाला, खिडकी बंद झाली. झडप मीच खाली ओढली, म्हणून टोपीवाल्याचं हे दुःख मला कुणी समजावून सांगू नये."

काकांनी तिच्या खांद्यावरून वाचलं आणि फोन उचलला. "जुना धक्का. फेरीबोटीचा. तिकीट खिडकीपाशी बघा." एवढंच. मग अर्धा श्वास घेऊन, "आणि पाण्याकडेही बघा."

हे शेवटचं वाक्य ताईला ऐकायचं नव्हतं.

वाट बघायची होती. विभाग सांभाळणाऱ्या मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"चारशे बारा?" मॅडमनी विचारलं.

"हो."

"एकही वाचलं नाहीत?"

"नाही."

मॅडम आत आल्या नाहीत आणि गेल्याही नाहीत. नोकरी जाईल, हे ताईला दिसत होतं, पण एखाद्या दूरच्या नातेवाइकाची बातमी कळावी तसं. ती फोनकडे बघत होती. फोन वाजला. तिचा स्वतःचा, पिशवीत. नवरा होता.

"अगं, डबा विसरलीस. कट्ट्यावरच आहे. मांजर बघून गेलं दोनदा."

"ठेवा फोन."

"काय झालं?"

"अहो, ठेवा ना."

"आवाज असा का येतोय? मी दुकान बंद करून येतोय."

"नका येऊ," ती म्हणाली. तोवर त्याने ठेवलाही होता.

काकांचा फोन वाजला तेव्हा तिने कानांवर हात ठेवले. लहान मूल ठेवतं तसे. मग बोटांच्या फटीतून ऐकलं. काका "हो" म्हणाले. "हो. बोलतोय का? हो." मग त्यांनी तिच्याकडे बघून मान हलवली. ताईला मान कुठल्या दिशेने हलली तेच कळेना.

"जिवंत आहे. बाकड्यावर बसलाय. कालपासून उठलेला नाही. शिपाई शेजारी बसलाय, पण हा ऐकत नाही." काकांनी फोन तिच्यापुढे धरला. "म्हणतो, वाचणाऱ्याला द्या. दुसऱ्या कुणाशी बोलणार नाही."

ताईने मॅडमकडे बघितलं. मॅडमनी आत येऊन दार लावून घेतलं.

"घ्या," त्या म्हणाल्या.

फोन जड लागला. "हॅलो," ताई म्हणाली. पुन्हा म्हणाली.

पलीकडे पाण्याचा आवाज होता. मग एक घोगरा, थकलेला आवाज.

"तुम्ही वाचता?"

"हो."

"बाई आहात होय. मी आपलं जो कुणी वाचत असेल त्याला, असं लिहिलं." थोडं थांबून, "माझं मत का दिसलं नाही?"

काकांनी कागदावर काहीतरी लिहून तिच्यापुढे सरकवलं. तिला अक्षरं दिसेनात.

"मी वाचलंच नव्हतं," ती म्हणाली. "मला शेवट कळायला नको होता. म्हणून त्या भागावरची सगळी मतं मी न वाचता बाजूला टाकली. तुमचंही. तुमचं नाव दिसलं होतं मला. तरी टाकलं."

पाणी. शिपायाचा खोकला.

"म्हणजे ते वाईट नव्हतं."

"नाही हो. आज सकाळी वाचलं."

"बाकीची तेवीस?"

"ती सगळ्यांत आधी वाचायचे."

"आणि नेमकं हेच नाही."

"नाही."

ताईच्या हाताला घाम सुटला होता, फोन निसटत होता. दोन्ही हातांनी धरला. आता हा फोन ठेवेल. ठेवेल आणि उठेल आणि चार पावलांवर पाणी आहे.

"मग आता पाहिलात का भाग?" त्याने विचारलं.

"हो. मघाशी."

"बरं मग सांगा. चारशे लोक भांडत असतील. मेला का तो?"

ताईने खोलीत इकडे तिकडे पाहिलं. काका तिच्याकडे बघत होते. मॅडम बघत होत्या. मुद्रितांत चूक असली की ती दाखवायची, एवढंच ती आयुष्यभर करत आली होती. स्वतःचं मत तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. विचारलं तेही असं.

"नाही," ती म्हणाली. "झोपलाय तो."

"कशावरून?"

"बुटांवरून." हे तिच्या तोंडून कुठून आलं, तिला कळलं नाही. "त्याने बुटांच्या नाड्या सैल केल्यात. मरायला बसलेला माणूस नाड्या कशाला सैल करेल? पाय दुखतात म्हणून करतो माणूस. थोडं बसून उठायचं असतं म्हणून."

"नाड्या?"

"हो."

"मी तीनदा पाहिला तो भाग. मला नाड्या दिसल्या नाहीत."

"नीट बघा परत."

पलीकडे बाकडं करकरलं. निदान तिला तसं वाटलं.

"परत बघायचं तर इथून उठावं लागेल," तो म्हणाला. "माझ्या फोनची बॅटरी संपली आहे."

मग शिपायाचा आवाज आला. "चला साहेब, हळू. हा हात धरा." आणि फोन बंद झाला.

काकांनी सगळं जुळवलं. आधी डॉक्टरकडे. त्याची बहीण होती, दोन तासांवर राहणारी. तिला फोन केला, ती निघाली. रात्री भाऊ तिच्याकडेच राहील असं ठरलं. काकांनी वहीत लिहिलं, 'सापडला. जिवंत. दुपारी दोन चाळीस.' मग गोळ्यांचा डबा उघडून ताईपुढे धरला. तिने एक घेतली. हातातच राहिली.

टेबलावर परत आल्यावर तिने तो भाग पुन्हा लावला. सरळ शेवटाला गेली. खिडकी. बाकडं. टोपी. पाय. दृश्य थांबवलं, मोठं केलं.

बुटांना नाड्याच नव्हत्या. ते घोट्याच्या वरपर्यंतचे चामडी बूट होते. बाजूला बक्कलं.

तो बघणार. डॉक्टरकडे कुणाचा तरी चार्जर मागून घेईल आणि बघेल. विरामचिन्ह न चुकवणारा माणूस आहे तो. त्याला कळेल की जी एकमेव व्यक्ती आपलं वाचते ती आपल्याशी खोटं बोलली.

ती पुन्हा बोळातून धावली. "काका, नाड्या नाहीत!"

"कुठे?"

"बुटांना. मी चुकीचं सांगितलं त्याला. मला फोन लावून द्या, मी खरं सांगते."

काकांनी लावला. बंद होता. बहिणीला लावला. ती वाटेतच होती, अजून तासभर लागणार होता. डॉक्टरांकडे लावला. तपासून झालंय, पलंगावर बसवलंय, शिपाई दारात आहे, फोन चार्जिंगला मागितलाय त्यांनी, असं तिथली परिचारिका म्हणाली.

"त्यांच्याकडे लक्ष ठेवा," काका म्हणाले. "जरा जास्तच ठेवा." आणि ताईला म्हणाले, "तुम्ही जागेवर जा. लिहिलं तर तो तुमच्याकडेच लिहील."

चार वाजले. पाच वाजले. सुट्टी झाली, माणसं गेली. चष्मा गेला नाही. त्याने रविवारी दाबलेलं बटण त्याला आठवत असावं. नवरा खाली जिन्यात डबा घेऊन उभा होता. ताईने वरूनच हात करून पाच मिनिटं असं सांगितलं.

यादीत नवीन मत आलं की सर्वांत वरची ओळ किंचित लुकलुकते. दर लुकलुकीला तिचा जीव वर येत होता. कुणाला पोलिसी मालिका कंटाळवाणी वाटली. कुणाला जुन्या विनोदी भागांची क्रमवारी चुकलेली दिसली. तिने प्रत्येक मत पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत वाचलं. मग सोडलं.

पाच बावन्नला वरची ओळ लुकलुकली. रिकामं काडतूस. भाग चोवीस.

तिला उघडवेना. बोट अधांतरी राहिलं. मग तिने उघडलं.

"बुटांना नाड्या नाहीत. बक्कलं आहेत. चोवीस भाग बक्कलंच होती. पाचव्या भागात तर त्यातलं एक तुटतं. ज्यांचं काम वाचण्याचं आहे त्यांनी बघतानाही जरा लक्ष द्यावं. तरी पुन्हा पाहिलं म्हणून सांगतो, डाव्या बुटाचं बक्कल उघडं आहे. ते मुद्दाम काढलंय की चित्रकाराचा विसराळूपणा, हे ठरवायला आधीचे सगळे भाग परत बघावे लागतील."

ताईने ते वाचलं. पुन्हा वाचलं. डोळ्यांपुढे अक्षरं पोहत होती. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी होता. तिने सोडा दाबलं. चष्मा तिच्या खांद्यामागे येऊन उभा राहिला होता. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

ओळ पुन्हा लुकलुकली. कुणी दुसरा बघणारा होता. "नाड्यांचं इथे कोण म्हणालं?"

सोडलं.

पुन्हा लुकलुकली. रिकामं काडतूस. "आहेत एक बाई."

तिने सोडलं. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसली. खाली जिन्यात नवऱ्याने किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवला. तिने ऐकला. पण उठली नाही. पुढची ओळ अजून यायची होती.